तहान कुणाची, पाणी कुणाला

कोल्हापूरच्या माणसाला पाण्याचे दोन आकडे पाढ्यांच्या आधी पाठ होतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर आली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका. 2019 आणि 2021 साली नदी 55 फुटांच्याही वर गेली, पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला आणि शहरात पेट्रोल मिळेना. राधानगरी धरणाचा कितवा स्वयंचलित दरवाजा उघडला, हे पावसाळ्यात आम्ही एकमेकांना फोन करून कळवतो. आणि याच कोल्हापूरला लागून असलेल्या, करवीर तालुक्यातल्या उचगावात एप्रिल उजाडला, की तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं की अर्ध्यावर भागवायचं, यावर घरात बैठक बसते.

उचगाव महामार्गाला खेटून आहे. एका अंगाला गांधीनगरचा घाऊक बाजार, दुसऱ्या अंगाला सरनोबतवाडी, पलीकडं उजळाईवाडीचा विमानतळ, आणि शिरोली व गोकुळ शिरगाव या दोन एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. अशा गावात ऊस फार दिवस टिकत नाही. बघता बघता रानांचे प्लॉट पडले, प्लॉटवर बंगले आले, बंगल्याभोवती चिखल नको म्हणून पेव्हिंग ब्लॉक आले. मग सगळं ओकंबोकं दिसायला लागलं म्हणून ब्लॉकवर कुंड्या आल्या. कुंडीत घालायला माती हवी, ती पोत्याच्या भावानं विकत आली. खाली ब्लॉकच्या बुडाशी पुरुषभर काळी माती आहे, जिच्यात काल-परवापर्यंत ऊस डुलत होता. तिच्यावर सिमेंट घातलं, आणि सिमेंटवर ठेवायला दुसऱ्या कुठल्या तरी गावची लाल माती आणली. खताचीही तीच गत. पूर्वी उन्हाळ्यात धनगर रानात बकरी बसवायचे, त्यांना धान्य दिलं की वर्षाची सोय व्हायची. आता तेच लेंडीखत किलोकिलोच्या छापील पिशवीत येतं आणि पिशवीवर हसणाऱ्या बाईचा फोटो असतो.

आमच्या आबांची हयात या मातीत उसाला पाणी पाजण्यात गेली. वीज रात्रीची असली की रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन दारं मोडायला जायचं, सरी भरली की पुढची फोडायची, आणि उजाडता उजाडता चिखलाच्या पायांनी घरी यायचं. टनावारी ऊस काढलेला हा माणूस आता व्हरांड्यातल्या खुर्चीत बसतो आणि घरातल्या शिकल्या-सवरल्या माणसांना दहा इंची कुंडीतला गुलाब जगवताना बघतो. तो काही बोलत नाही. म्हणजे पूर्वी बोलत नव्हता.

आमच्या उन्हाळ्याची सुरुवात फेब्रुवारीत होते, आणि ती नर्सरीत होते. हवा गोड असते, महामार्गाकडेच्या नर्सरीत गुलाब, शेवंती, पिटुनिया अशी सगळी मंडळी फुलून बसलेली असतात. यातली कित्येक रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं आलेली असतात. राजमहेंद्रीजवळचं हे गाव रोपांच्या धंद्यावरच जगतं. तिथं जाळीच्या सावलीत, दिवसातून अनेकदा फवाऱ्याखाली, भुसभुशीत कोकोपीटमध्ये त्यांचं बालपण गेलेलं असतं. त्यांना ऊन म्हणजे काय हे ठाऊक नसतं, आणि आपल्याला त्यांचं बालपण ठाऊक नसतं. "मामा, हे उन्हात टिकेल का?" असं विचारलं की नर्सरीवाला पिशवीला गाठ मारता मारता सांगतो, "मरायचं नाव घेणार नाही सायेब." नर्सरीवाल्याच्या बोलण्यात मृत्यू हा विषय फक्त नकारार्थी वाक्यात येतो.

मार्च संपता संपता पारा पस्तिशी ओलांडतो आणि एप्रिलात चाळिशीच्या दारात जाऊन उभा राहतो. विदर्भातला माणूस या आकड्याला हसेल. पण चंद्रपूरकराला ऊन वारसाहक्कानं मिळालेलं असतं. आम्हाला 'कोल्हापूरची हवा कशी झकास' हे इतक्या पिढ्या ऐकून ठाऊक, की दर एप्रिलला "एवढं ऊन कधी नव्हतं बघा" हे वाक्य नव्यानं शोधल्यासारखं बोललं जातं.

दुपारी दीड वाजता जास्वंदीकडं बघावं. सकाळी तळहातासारखी ताठ असणारी पानं देठापासून मोडल्यागत खाली लोंबतात, शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या कडा आत वळतात, अर्धी उमललेली कळी मान टाकते. आता या दृश्यात झाडाचा एक हिशेब आहे. मुळं जेवढं पाणी वर चढवतात त्यापेक्षा पानांतून जास्त उडतंय म्हटल्यावर झाड पानांवरची सूक्ष्म रंध्रं आवळून घेतं, पानं उन्हापासून तिरकी करतं आणि गप्प पडून राहतं. सहाच्या सुमाराला पश्चिमेकडून वारा सुटला की तीच पानं काही झालंच नाही अशा थाटात उभी राहतात. झाडाची ही वामकुक्षी असते, आणि वामकुक्षीत कुणी हात लावलेला कोल्हापुरात माणसालासुद्धा चालत नाही.

पण आपल्याला ते बघवत नाही. आपण नुकतेच गांधीनगरातून उन्हातनं आलेले असतो, घशाला कोरड पडलेली असते, माठातलं पाणी घटाघटा पिऊन झालेलं असतं. त्या भरात नजर जास्वंदीवर जाते आणि जीव कळवळतो. उचलला पाइप. माझं अनेक वर्षांच्या निरीक्षणावरून झालेलं मत असं आहे, की उन्हाळ्यात माणसाला तहान लागली की तो झाडाला पाणी घालतो. झाडाला केव्हा लागली होती, याची चौकशी कुणी करत नाही.

आणि ते पाणी तरी कसलं? गच्चीवरची काळी टाकी सकाळपासून उन्हात. तिथून भिंतीवरून खाली येणारा पाइप उन्हात. हिरवी रबरी नळी अंगणात वेटोळं घालून उन्हात. नळ सोडला की पहिल्या बादलीभर पाण्यात चहाची पूड टाकली तर रंग उतरेल. ते पाणी हातावर घेतलं तर आपण "आई गं" म्हणून हात झटकतो, आणि झटकलेल्या हातानं तीच नळी गुलाबाच्या बुंध्याशी धरतो. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत माती आधीच तापलेली असते. शेतातलं मूळ वर तापलं तर खाली जातं, खोल गारव्यात पाय पसरतं. कुंडीतल्या मुळाला चारी बाजूंनी भिंत. शेत म्हणजे चौसोपी वाडा आणि कुंडी म्हणजे पत्र्याखालची भाड्याची खोली. खोलीत पंखा नाही, खिडकी नाही, आणि दुपारी दीडला घरमालक दार उघडून कढत पाणी ओततोय.

तरी हे पाणी असलं तर. नळाला पाणी येण्याची एक वेळ ठरलेली असते आणि ती सोडून ते कधीही येतं. गल्लीतून "आलं, आलं!" अशी आरोळी उठली की माणसं ताटावरून उठतात. लाइनला थेट मोटर लावू नये, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे. तो शेजाऱ्याला ऐकवायला उपयोगी पडतो. पाणी भरून झालं की त्याची वाटणी सुरू होते. पहिलं पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग अंघोळीचं, मग धुण्याचं. त्यानंतर चिरंजीवांची बुलेट. झाडांचा नंबर बुलेटनंतर. आमच्याकडं यावर आबांनी एका शब्दाचंही भांडण न करता तोडगा काढला. बुलेट धुवायची जागा त्यांनी कुंड्यांच्या ओळीशेजारी हलवली. तेव्हापासून चिरंजीवांचं बुलेटवरचं प्रेम जास्वंदीला थेट पोचतं.

काटकसरीच्या या दिवसांत वापरलेल्या पाण्याची एक जातवार उतरंड तयार होते. तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला. डाळ-भाज्या धुतलेलं कढीपत्त्याला. आंबलेलं ताकही कढीपत्त्याला, त्यानं पानं काळीभोर होतात अशी गावोगावच्या आयाबायांची खात्री आहे. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी कुणालाही चालतं, कारण ती हवेतलीच वाफ थंड होऊन उतरलेली असते, क्षार नावाला नसतात. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर फेकलेलं पाणी मात्र जपून, कारण यंत्रानं आपल्या पिण्याच्या पाण्यातून काढून घेतलेले सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात. ते रोज कुंडीत गेले की मातीवर पांढरी साय धरते आणि पानांचे शेंडे जळतात. उरलं बुधवार आणि रविवारचं मटण धुतलेलं पाणी. ते गुलाबाला. कोल्हापुरात आठवड्यातून दोनदा सामिष खाणारा गुलाब घरोघरी आहे. फक्त तुळस शाकाहारी असल्यामुळं तिचं वृंदावन या गुलाबापासून चार हात लांब ठेवतात.

तुळशीचं दुखणं तर वेगळंच. तिच्या वाट्याला पाणी कमी येत नाही, भक्ती जास्त येते. सकाळी आई अंघोळ करून तांब्या ओतते. मग बायको पूजा करून ओतते. मग आबा सूर्याला अर्घ्य देतात, तेही तिच्याच डोक्यावर. शेजारच्या वैनी दूध आणायला निघाल्या की "तुळशीला घातलंय का न्हाई?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता घालून जातात. खरं तर तुळशीला मंजिऱ्या आल्या की त्या वेळच्या वेळी खुडाव्यात, म्हणजे झाड बी धरण्यात जीव न घालवता पाला धरतं आणि जास्त दिवस टिकतं. पण मंजिरी खुडायला कुणी धजत नाही, आणि पाणी घालायला कुणी थांबत नाही. अशा रीतीनं तुळस ऐन वैशाखात पाण्यात उभी राहून वाळते.

झाड पिवळं पडायला लागलं की सल्ला सुरू होतो. गुलाबाला पहिलं पिवळं पान आलं की गल्लीत बातमी जाते. समोरचे काका फौंड्रीत आहेत. आयुष्यभर 1400 अंशांच्या वितळलेल्या लोखंडापुढं उभे राहिल्यामुळं चाळीस अंशांना ते ऊन मानतच नाहीत. "एवढ्याशा उन्हानं झाड मरत असतंय व्हय? खत कमी पडलंय." त्यांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड एक तर माल कमी पडल्यामुळं होतो, नाही तर शिफ्टमधल्या पोरांनी लक्ष न दिल्यामुळं. त्यांनी मूठभर युरिया दिला. कोरड्या, तापल्या मातीत युरिया टाकल्यावर मुळातलं पाणी उलटं बाहेर ओढलं जातं, त्यामुळं झाडाला दोनच दिवसांत निकाल मिळाला. काका म्हणाले, "रोग आधीपासनंच असणार."

वैनींचा मार्ग घरगुती. अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, केळीच्या साली, कांद्याच्या सालींचं पाणी, मिरचीची फुलं गळू नयेत म्हणून हिंगाचं पाणी. काही दिवसांनी कुंडीत माती कमी आणि स्वयंपाक जास्त असं चित्र दिसायला लागतं. चिरंजीव मोबाइलवर बघून जीवामृत करायला निघाले. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे त्याचं प्रमाण. सुभाष पाळेकरांनी ते शेतकऱ्यांत पोचवलं आणि एकरासाठी ते आहेही योग्य. आमच्याकडं एकर नव्हता, कुंड्या होत्या. पण कृती बघून केली असल्यामुळं पिंप भरून झालं. गूळ कोल्हापुरी, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला. बेसनही आईनं ओळखीच्या गिरणीतून दळून आणलेलं. आई पिंपाकडं बघून एवढंच म्हणाली, "यात नुसतं तूप घातलं असतंस, तर घरातली माणसं तरी जगली असती." पुढं बरेच दिवस घरी कुणीही आलं तर जाताना त्यांच्या हातात जीवामृताची बाटली दिली जायची. पाहुणे येणं कमी झालं, हा त्याचा अनपेक्षित फायदा.

मग उपायांचा टप्पा. गांधीनगरातून हिरवी जाळी आली. निम्मं ऊन अडवणारी जाळी घ्यायची होती, पण दुकानदारानं "पाऊणची न्या, सावली जास्त" म्हटल्यावर जास्त सावलीला नाही कोण म्हणणार? मोगऱ्यानं त्या सावलीत नुसती पानं वाढवली आणि फुलायचं सोडून दिलं, कारण मोगऱ्याला ऊन लागतं. घरातली अबोली, मनी प्लांट सुखावली. जाळीखाली खाट टाकून चिरंजीव दुपारी झोपायला लागले, त्यांचीही वाढ चांगली झाली.

थेंब थेंब पाण्याचा शोध आम्हाला इस्रायलनं लावून दिला असं शाळेत शिकवतात. पण गावच्या महादेवाला विचारलं तर तो हसेल. चैत्र-वैशाखात पिंडीवर गळती बांधायची, तळाला छिद्र असलेल्या भांड्यातून दिवसभर थेंब थेंब धार धरायची, हे इथल्या देवळांत कधीपासून चालत आलंय. देवाला एकदम घागर ओतली तर ती वाहून जाणार आणि थेंबाथेंबानं दिली तर गारवा टिकणार, एवढं शास्त्र गुरवाला ठाऊक आहे. झाडापाशी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरायचं, हीही तशीच जुनी युक्ती. चीनमधल्या फान शेंग-चीच्या शेतीच्या ग्रंथात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, ती लिहून ठेवलेली आहे. चकाकीचा लेप नसलेलं साधं मडकं पाझरतं, माती कोरडी झाली तर जास्त आणि ओली असली तर कमी. म्हणजे त्या मडक्याला कळतं ते पाइप हातात धरणाऱ्याला कळत नाही.

कुंडीत मडकं पुरायला जागा नसते, तेव्हा सलाइनच्या बाटल्या येतात. रिकाम्या बाटल्या, त्यांच्या नळ्या, थेंब कमी-जास्त करायचं ते चाक, सगळं जसंच्या तसं. व्हरांड्यात कुंड्यांच्या रांगेवर बाटल्या टांगल्या की येणारा माणूस फाटकातच चप्पल काढतो आणि आवाज खाली आणतो. एक पाहुणे तर सफरचंदं घेऊन आले होते. कुणीतरी ऍडमिट आहे असं त्यांनी रस्त्यावरून पाहिलं होतं. अनंताच्या झाडापुढं त्यांना दोन मिनिटं उभं करून आम्ही सफरचंदं ठेवून घेतली.

मे महिन्यात मात्र कोल्हापूरच्या माणसाला गगनबावडा किंवा आंबोली उतरून कोकणात जावंच लागतं. त्या वेळी झाडांचं काय, हा प्रश्न मुलांच्या परीक्षेपेक्षा अवघड. वैनींना किल्ली दिली जाते. "मी घालतो की पाणी, जावा तुम्ही निवांत," असं त्या म्हणतात. कोल्हापूरच्या बाईनं 'घालतो' म्हटलं की ती घालणारच. बायको त्यांना कागदावर लिहून देते: मोगऱ्याला रोज, गुलाबाला सकाळी, कोरफडीला आठवड्यातून एकदा, निवडुंगाला अजिबात नाही. वैनी कागद वाचतात, नीट घडी घालून फ्रिजवर चुंबकाखाली लावतात आणि रोज सकाळी सगळ्यांना सारखं घालतात. "एकाला दिलं, दुसऱ्याला न्हाई, असलं आमच्यात चालत न्हाई," हे त्यांचं धोरण. परत आलो तेव्हा मोगरा जिवंत होता, आणि निवडुंग पाण्यानं फुगून मधूनच बसला होता. वाळवंटात पिढ्यान्‌पिढ्या काढलेला तो गडी उचगावातल्या समतेनं गेला. त्याबद्दल वैनींना काही बोलायची सोय नसते, कारण त्यांच्यासाठी आपण मालवणहून कोकम आणि काजू आणलेले असतात.

आणि मग, सगळे टेकीला आलेले असताना, वळीव येतो. दुपारभर पान हलत नाही, अंगातनं नुसत्या धारा. चारच्या सुमाराला आभाळ काळंजांभळं होतं, महामार्गाच्या बाजूनं धुळीचा लोट उठतो, पत्रे वाजायला लागतात. "कापडं काढा!" अशी हाक गल्लीभर जाते. कपडे निघेपर्यंत हिरवी जाळी चारी दोऱ्या तोडून निघून गेलेली असते. सलाइनच्या बाटल्या एकमेकींवर आपटतात, दोन कुंड्या कठड्यावरून खाली येतात, मग टपोऱ्या थेंबांबरोबर गारा. अर्धा तास. जाळी सरनोबतवाडीच्या बाजूला कुणाच्या तरी टाकीवर सापडते, आणि ती परत आणायची नसते, कारण त्यांना ती वळवानं दिलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात जावं. गारांनी पानं फाटलेली, फांद्या मोडलेल्या, आणि तरी झाडं तरतरीत. पानावरची महामार्गाची धूळ धुऊन गेलेली, कुंडीतले साठलेले क्षार खालच्या भोकातून वाहून गेलेले, माती तळापर्यंत गार. आम्ही दोन महिने मगानं, पाइपनं, बाटलीनं जे केलं, ते आभाळानं अर्ध्या तासात केलं, तेही मोडतोड करून. गल्लीत मात्र प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. काका म्हणतात, युरियाचा गुण आता लागला. वैनी म्हणतात, कांद्याच्या सालीचं पाणी. चिरंजीवांचा दावा जीवामृतावर.

त्याच सकाळी आबा खुर्चीतून उठले. कुणाची तरी झाडावर पाइप धरायची सवय गेलेली नव्हती. वळवानं भिजलेल्या कुंडीत नळी सोडून ठेवलेली होती. आबा नळ बंद करून म्हणाले, "आरं, कशाला वतालाय? वाफसा तर येऊ दे की."

मग त्यांनी बोट दोन पेरं मातीत घातलं, आतली चिमूटभर माती काढली आणि मुठीत दाबली. गोळा झाला, पण हाताला चिकटला. "आजून वलं हाय." दोन दिवसांनी तीच कुंडी, तीच माती. या वेळी गोळा झाला आणि अंगठ्यानं दाबल्यावर भुगा झाला. "आता बघ. यात वलही हाय आणि हवा बी हाय. मुळाला दोन्ही लागतं. नुसतं पाणी असलं की मूळ कुजतंय. कुजलं की वरनं पान सुकतंय. तुमी म्हणताय वाळलं, आणि आणखी पाणी वतताय. पाण्यानं मरालेल्याला पाणी." उसाचा पाणी-पाळी हिशेब याच वाफशावर चालतो. जमिनीत पाणीही असतं आणि वाराही खेळतो, अशी ती मधली अवस्था. वाफसा यायच्या आत पाणी द्यायचं नाही, आणि वाफसा मोडायच्या आत द्यायला चुकायचं नाही. तो आला की मग रात्रीचे दोन असोत की पहाटेचे चार, उठून दारं मोडायला जायचं. पिकाच्या वेळेला आपण हजर व्हायचं. आपल्या सोयीला, आपल्या कळवळ्याला पीक हजर होत नसतं.

त्यांनी दुसरी गोष्ट केली ती म्हणजे वाटेकऱ्याच्या रानातून पाचटाची एक पेंढी मागवली आणि कुंड्यांत मातीवर चार बोटं जाडीचा थर पसरला. पूर्वी ऊस तुटला की फडातलं पाचट पेटवून द्यायचे. आता ते सरीतच ठेवायला सांगतात, कारण ओल टिकते, माती तापत नाही आणि कुजून खत होतं. फुकटची वस्तू. कुंड्या भिंतीच्या सावलीला एकमेकींना चिकटवून ठेवल्या, काळ्या कुंड्यांना बाहेरून चुना फासला, पाणी पहाटे, टाकी तापायच्या आत, आणि तेही बोट घालून बघितल्यावर. बायकोला चुना फासलेल्या कुंड्या आवडल्या नाहीत. "ग्रामपंचायतीच्या झाडागत दिसतंय," ती म्हणाली. पण मोगरा फुलल्यावर तिनं गजरा केला आणि विषय काढला नाही. दुपारी दीडला जास्वंद अजूनही मान टाकते. आता तिच्यासमोर पाइप घेऊन कुणी उभं राहिलं, की व्हरांड्यातून आवाज येतो, "झोपू दे तिला."

एवढं सगळं शहाणपण घरात असताना जूनमध्ये नर्सरीत जायचं काय कारण, असं कुणी विचारेल. कारण मृग लागला, की उचगावातल्या प्रत्येक घरी दोन-चार कुंड्या रिकाम्या असतात, आणि रिकामी कुंडी बायकांना बघवत नाही. पहिल्या पावसानंतरच्या रविवारी नर्सरीत ही गर्दी. चिखलात गाड्या लावलेल्या, गुलाबांपुढं रांग. नर्सरीवाला गिऱ्हाईक ओळखतो आणि विचारतो, "या वर्षी कुठली कुठली गेली, सायेब?" मग न बघता तीच रोपं पिशवीत भरतो. त्याचा सगळा जून आमच्या मे महिन्यावर उभा असतो.

या वेळी आबाही बरोबर आले होते. बायको शेवंतीची रोपं निवडत होती तेवढ्यात मागं काहीतरी घोळका जमलेला दिसला. आबांनी एका पिशवीतल्या रोपाच्या बुडाशी बोट घातलं होतं, मातीचा गोळा करून रांगेतल्या बायकांना दाखवत होते, आणि वाफसा म्हणजे काय, पाचट कसं पसरायचं, पाणी कधी घालायचं नाही, हे शिस्तीत सांगत होते. "असं केलासा तर दरसाल रोप घ्यायला नको बघा," असं ते म्हणाले आणि दोघी-तिघींनी हातातली रोपं जागेवर ठेवली.

नर्सरीवाला हातातलं काम टाकून धावत आला. त्यानं आबांना खुर्ची दिली, पोराला चहा आणायला पिटाळलं, आणि कानाशी वाकून म्हणाला, "आबा, तुमचं सगळं बरोबर हाय. तेवढं जरा हळू बोलता काय?"